न मानणाऱ्यांनी जपलेले देव: केल्टिक पुराणकथांची ओळख

बाराव्या शतकात आयर्लंडमधल्या एका लेखनिकाने कातड्याच्या पानांवर एक लांबलचक युद्धकथा उतरवून काढली आणि शेवटी दोन टिपा जोडल्या. पहिली आयरिश भाषेत आहे: ही कथा जो याच रूपात, काहीही न बदलता पाठ करील, त्याचं कल्याण होवो. दुसरी लॅटिनमध्ये आहे: ही कथा, खरं तर ही दंतकथा, मी लिहिली असली तरी तिच्यातल्या अनेक गोष्टींवर माझा विश्वास नाही. काही सैतानाच्या करामती आहेत, काही कवींच्या कल्पना, काही शक्य आहेत, काही अशक्य, आणि काही तर मूर्खांच्या करमणुकीसाठीच आहेत.

हे हस्तलिखित आज ‘लेन्स्टरचा ग्रंथ’ म्हणून ओळखलं जातं. केल्टिक पुराणकथा समजून घ्यायच्या असतील तर मी सगळ्यांना आधी या दोन टिपा वाचायला सांगतो. ज्या देवांना लेखनिक मानत नव्हता, त्यांच्या गोष्टी त्याने शेकडो ओळी न कंटाळता लिहिल्या, आणि त्यात कोणी एक शब्दही बदलू नये म्हणून आशीर्वादही ठेवला. केल्टिक देवांबद्दल आपल्याला जे काही कळतं, ते जवळजवळ सगळं अशाच हातांतून आलेलं आहे: आधी रोमन विजेत्यांच्या आणि नंतर ख्रिस्ती मठवासीयांच्या. ‘अमका सूर्याचा देव, तमकी प्रेमाची देवी’ अशी नीटनेटकी यादी शोधत जाणाऱ्याला म्हणूनच इथे काही हाती लागत नाही.

केल्ट म्हणजे नेमके कोण?

केल्ट नावाचं एखादं राज्य किंवा साम्राज्य कधीच नव्हतं. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या काही शतकांत स्पेनपासून आजच्या तुर्कस्तानातल्या गलेशियापर्यंत एकमेकींशी नातं असलेल्या भाषा बोलणाऱ्या अनेक टोळ्या पसरल्या होत्या. ग्रीक आणि रोमन लेखक त्यांच्यापैकी काहींना केल्ट म्हणत, काहींना गॉल. ब्रिटन आणि आयर्लंडच्या लोकांना मात्र त्या काळी कोणी केल्ट म्हणत नसे. वेल्श, ब्रेटन, कॉर्निश आणि आयरिश या भाषा जुन्या गॉलिश भाषेच्या नात्यातल्या आहेत हे 1707 मध्ये एडवर्ड लुइड या वेल्श अभ्यासकाने मांडलं, आणि तिथून हा शब्द या सगळ्यांसाठी रूढ झाला. ‘केल्टिक’ हे मुळात भाषाकुळाचं नाव आहे, आणि पॅरिसच्या देवाची कथा आयर्लंडमध्ये जशीच्या तशी सापडेल अशी अपेक्षा ठेवायला काही आधार नाही.

या लोकांना लिहिता येत नव्हतं असं नाही. व्यवहारासाठी ते ग्रीक लिपी वापरत, असं खुद्द ज्युलियस सीझरने लिहून ठेवलं आहे. पण त्यांचे पुरोहित, म्हणजे ड्रुइड, आपली विद्या लिहिणं धर्माला सोडून आहे असं मानत. शिष्य ती पद्यरूपात पाठ करत, आणि काहींचं शिक्षण 20 वर्षं चाले, असंही सीझर सांगतो. वेद मौखिक परंपरेने जपले गेलेल्या देशातल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. फरक पुढे पडला. रोमने गॉल लोकांचा देश, म्हणजे साधारण आजचा फ्रान्स, जिंकला, ड्रुइडांवर बंदी आणली, आणि पाठांतराची ती साखळी तुटली. गॉलमधली एकही देवकथा गॉलिश भाषेत आज आपल्यापर्यंत पोचलेली नाही.

मूर्ती उरल्या, कथा गेल्या

युरोपच्या मुख्य भूमीवर मग राहिलं काय? दगड, धातू आणि नावं. सीझर सांगतो की गॉल लोक सर्वांत जास्त मर्क्युरीला भजतात, मग अपोलो, मार्स, ज्युपिटर आणि मिनर्व्हाला. ही सगळी रोमन नावं आहेत. समोरच्याचा देव दिसला की त्याला आपल्या देवाचं नाव देऊन टाकायचं, ही रोमनांची सवय होती. हा ‘मर्क्युरी’ म्हणजे बहुधा लुगुस नावाचा देव असावा असं अनेक अभ्यासक मानतात. फ्रान्समधल्या लिओंचं जुनं नाव लुग्दुनुम होतं, आणि हाच देव आयर्लंडमध्ये लुग, वेल्समध्ये लेउ होऊन आपल्याला पुढे भेटणार आहे.

1711 च्या सुमारास पॅरिसच्या नोत्र दाम चर्चखाली खोदकाम चालू असताना एका स्तंभाचे तुकडे मिळाले. सेन नदीवरच्या नावाड्यांनी सम्राट टायबेरियसच्या काळात तो उभारला होता. त्याच्यावर रोमन देवांच्या बरोबरीने गॉलचे देव कोरलेले आहेत. कुऱ्हाडीने झाड तोडणारा एसुस, पाठीवर आणि डोक्यावर तीन करकोचे बसलेला बैल, आणि शिंगांत कडी अडकवलेला सेर्नुन्नोस. हरणाची शिंगं असलेल्या या देवाचं चित्र आणि नाव एकत्र कोरलेलं असं हे एकमेव ठिकाण. 1891 मध्ये डेन्मार्कच्या गुंडेस्ट्रुप इथल्या दलदलीत जवळजवळ 9 किलो चांदीचं एक मोठं पात्र तुकड्यांमध्ये सापडलं. त्याच्यावरही मांडी घालून बसलेला, शिंगांचा, एका हातात कडं आणि दुसऱ्यात साप धरलेला पुरुष आहे. तो सेर्नुन्नोसच असं बहुतेक ठिकाणी बेधडक छापलेलं असतं, पण पात्रावर नाव नाही आणि त्याची कारागिरी आग्नेय युरोपातली वाटते. सेर्नुन्नोसची एकही कथा उरलेली नाही. ‘अरण्याचा स्वामी’ हे त्याचं आजचं वर्णन चित्रावरून बांधलेला अंदाज आहे.

देवींच्या बाबतीत नशीब जरा बरं. घोड्यांची देवी एपोना रोमन घोडदळाला इतकी आवडली की तिची शिल्पं साम्राज्यभर मिळतात आणि इटलीत सापडलेल्या एका रोमन पंचांगात 18 डिसेंबर हा तिचा दिवस म्हणून नोंदलेला आहे. इंग्लंडमधल्या बाथ गावी गरम पाण्याचा झरा आहे. त्याची देवी सुलिस. रोमनांनी तिला मिनर्व्हाशी जोडून ‘सुलिस मिनर्व्हा’ केलं आणि मोठं मंदिर बांधलं. त्या झऱ्यात शिशाचे सुमारे 130 पत्रे मिळाले आहेत. त्यांवर लोकांनी देवीकडे तक्रारी खरडल्या आहेत: कोणाचा अंगरखा चोरीला गेला, कोणाचे पैसे. दोसिमेदिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे गेले. चोराची बुद्धी आणि डोळे देवीच्या देवळातच जावेत, एवढीच त्याची मागणी. आपल्याकडे कोकणात गाऱ्हाणं घालताना ऐकू येतो तोच हा स्वर. कोणत्याही महाकथेपेक्षा या पत्र्यांतून मला त्या काळची खरीखुरी भक्ती अधिक जवळून दिसते, कारण ती लिहिणारी माणसं देवीला मानणारी होती.

आयर्लंड: देव, पण देव न म्हणता

आयर्लंडमध्ये रोमन सैन्य राज्य करायला गेलंच नाही. ख्रिस्ती धर्म पाचव्या शतकात आला, आणि त्याच्याबरोबर ग्रंथलेखन आलं. मठांतल्या विद्वानांपुढे पेच होता. या कथा त्यांच्या स्वतःच्या पूर्वजांच्या होत्या, त्या टाकवत नव्हत्या. आणि देव तर एकच, मग हे बाकीचे कोण? त्यांनी काढलेली वाट अकराव्या शतकातल्या ‘आयर्लंड जिंकल्याची गाथा’ या संकलनात दिसते. तिच्यात आयर्लंडचा इतिहास बायबलमधल्या नोआहच्या नातीपासून सुरू होतो, आणि एकामागून एक लोक बेटावर येत जातात. त्यांच्यातले पाचवे ‘तुआहा डे डानन’, म्हणजे दानू देवीची प्रजा. ते जादूविद्येत पारंगत असे लोक होते, एवढंच ग्रंथ म्हणतो. देव हा शब्द शक्यतो टाळतो. पण वाचता वाचता कळतं की हे मरतात तरी पुन्हा भेटतात, रूप पालटतात, नद्या आणि टेकड्या यांच्या नावाने आहेत.

त्यांची मुख्य कथा म्हणजे मॉय तुराच्या मैदानावरची दुसरी लढाई. हिचं जुनं रूप सोळाव्या शतकातल्या एका हस्तलिखितात तेवढं उरलं आहे. एक पुस्तक जळलं असतं तर ही कथा आपल्याला कळलीच नसती.

आधीच्या लढाईत राजा नुआदाचा हात तुटला. अंगात व्यंग असलेल्याने राज्य करायचं नाही, हा तिथला नियम, म्हणून त्याने सिंहासन सोडलं. वैद्य दीआन केख्तने त्याला चांदीचा हात बसवून दिला, बोटं हलवता येतील असा. पण वैद्याचा मुलगा मीआख बापापेक्षा सरस निघाला. त्याने खरा हातच सांध्याला सांधा, शिरेला शीर जोडत पूर्ववत केला. बापाला ते सहन झालं नाही, त्याने तलवारीने मुलाच्या डोक्यावर वार केले. पहिले तीन वार मीआखने स्वतःच बरे केले, चौथ्याने तो गेला. त्याच्या थडग्यातून 365 वनस्पती उगवल्या, शरीराच्या प्रत्येक सांध्यासाठी आणि शिरेसाठी एक. बहीण आर्मेदने आपला झगा पसरून त्या गुणांप्रमाणे लावल्या, तर बापाने येऊन सगळ्या मिसळून टाकल्या. म्हणून आज कोणालाच त्यांचे खरे गुण ठाऊक नाहीत, असं कथा सांगते आणि हळूच पुस्ती जोडते: पवित्र आत्म्याने शिकवले असतील तर गोष्ट वेगळी. ही पुस्ती मठातल्या लेखनिकाची. मूळ कथेच्या अंगावर त्याचं बोट इतकं स्पष्ट उमटलेलं क्वचितच सापडतं.

नुआदाच्या जागी ब्रेस राजा झाला. त्याची आई तुआहा डे डाननमधली, बाप शत्रूपक्षातला, म्हणजे फोमोरी. दिसायला देखणा आणि मनाने कद्रू. त्याच्याकडे जाऊन आलेल्यांच्या सुऱ्यांना चरबी लागलेली नसे आणि तोंडाला दारूचा वास नसे. कवी कॉर्ब्रे आला तेव्हा त्याला अंधारी, विनाशेकोटीची खोली आणि छोट्या ताटलीत तीन कोरड्या भाकऱ्या मिळाल्या. सकाळी कवीने राजावर निंदाकाव्य म्हटलं, आयर्लंडमधलं पहिलंच, आणि तिथून ब्रेसचा ऱ्हास सुरू झाला. दारात आलेल्याला उपाशी ठेवणारा राजा राहू शकत नाही, ही या सगळ्या कथांमधली अत्यंत ठाम समजूत आहे.

मग तारा या राजधानीतल्या राजवाड्याच्या दाराशी एक तरुण येतो. द्वारपाल विचारतो, तुझी विद्या कोणती? विद्येविना इथे प्रवेश नाही. तो म्हणतो, मी सुतार आहे. सुतार आहे आमच्याकडे. मी लोहार आहे. तोही आहे. वीणावादक? योद्धा? कवी? वैद्य? सगळे आहेत. शेवटी तरुण म्हणतो, राजाला विचार, या सगळ्या विद्या एकट्याच्या अंगी असलेला कोणी आहे का. दार उघडतं. हा लुग, आजच्या आयरिश उच्चारात ‘लू’. त्याला कोणत्या गोष्टीचा देव म्हणाल? प्रकाशाचा म्हणणाऱ्यांना मूळ ग्रंथात फारसा आधार मिळत नाही. त्याची ओळख त्याच्या कर्तबगारीत आहे.

लढाईत लुगच्या समोर येतो फोमोरींचा बालोर. त्याच्या एका डोळ्याची पापणी उचलायला चार माणसं लागत, आणि तो डोळा ज्या सैन्यावर पडे ते गारद होई. पापणी वर होत असतानाच लुगने गोफणीचा दगड मारला. डोळा डोक्यातून आरपार मागे गेला आणि बालोरच्याच सैन्यावर उघडला. बालोर हा लुगच्या आईचा बाप. आजोबाचा वध नातवाच्या हातून, याची आठवण आपल्याला वेगळी करून द्यायला नको. हरलेल्या ब्रेसने जीव वाचवण्यासाठी काय दिलं? नांगरणी, पेरणी आणि कापणी कधी करावी याचं ज्ञान. शेती शत्रूकडून शिकलेली आहे हे कथा मोकळेपणाने मान्य करते.

या सगळ्यात तुआहा डे डाननमधला दाग्दा मला विशेष प्रिय आहे. त्याच्या गदेच्या एका टोकाने माणसं मरतात, दुसऱ्याने जिवंत होतात. त्याच्या कढईपासून कोणी अतृप्त उठत नाही. आणि हाच दाग्दा शत्रूच्या छावणीत जातो तेव्हा ते जमिनीतल्या खड्ड्यात दूध, पीठ, बकऱ्या आणि डुकरं घातलेली लापशी ओततात आणि संपव नाहीतर मारू म्हणतात. तो सगळी संपवतो, खड्ड्याच्या तळची वाळूसुद्धा खरवडून खातो, आणि तिथेच झोपी जातो. लेखनिकाने त्याची थट्टा वाढवली असेल, हे शक्य आहे. पण प्रचंड ताकदीचा आणि प्रचंड भुकेचा देव एकच असणं त्या समाजाला विसंगत वाटलं नसणार.

शेवटी माणसं येतात. तुआहा डे डानन हरतात आणि टेकड्यांच्या पोटात राहायला जातात. अशा टेकडीला आयरिशमध्ये ‘शी’ म्हणतात. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध, बोइन नदीकाठची न्यूग्रेंज, प्रत्यक्षात सुमारे इसवी सनपूर्व 3200 मधलं दफनस्थळ आहे. केल्टिक भाषा तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीचं ते बांधकाम. नवीन लोकांनी जुन्या, अनोळखी वास्तू पाहिल्या आणि त्यांत आपले देव वसवले.

देवी, भूमी आणि शाप

आयरिश देवींना एका कामाची चौकट बसत नाही. त्या बहुधा एखाद्या जागेच्या असतात. बोआन ही बोइन नदी. निषिद्ध विहिरीजवळ ती गेली, पाणी उसळून तिच्यामागे धावलं आणि समुद्रापर्यंत नदी झाली. एरू, बानबा आणि फोला या तीन राण्यांनी विजेत्यांकडे एकच मागणी केली, देशाला आमचं नाव द्या. एरूचं नाव आजही चालू आहे: आयर्लंडचं आयरिश नाव ‘एअरे’ तिच्यावरूनच आलं. राजा गादीवर बसतो म्हणजे भूमीशी लग्न लावतो, आणि त्याने खोटा न्याय केला तर पीक, दूध आणि मासे आटतात, ही कल्पना सातव्या-आठव्या शतकातल्या राजनीतीच्या लिखाणातही येते.

मॉरिगन युद्धाशी जोडलेली, कावळ्याच्या रूपात फिरणारी, भविष्य सांगणारी. माखाची कथा मात्र अंगावर येते. एका शेतकऱ्याची ती पत्नी. नवरा जत्रेत बढाई मारतो की माझी बायको राजाच्या घोड्यांपेक्षा वेगाने धावते. तिचे दिवस भरलेले असतात. ती जमलेल्या लोकांना विनवते, तुम्हालाही आईनेच जन्म दिलाय, मला थोडा वेळ द्या. कोणी ऐकत नाही. ती धावते, जिंकते आणि शर्यतीच्या शेवटी जुळ्यांना जन्म देऊन अल्स्टरच्या, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर प्रांताच्या, पुरुषांना शापते: संकटाच्या ऐन वेळी तुम्ही बाळंतिणीसारखे गलितगात्र व्हाल, नऊ पिढ्या. राजधानीचं नाव एवन माखा तिच्यावरूनच पडलं असं कथा सांगते. ती जागा आर्मा शहराजवळ आहे. तिथे इसवी सनपूर्व 95 च्या सुमारास 40 मीटर व्यासाची लाकडी वास्तू उभारली, दगडांनी भरली आणि मुद्दाम जाळली, हे उत्खननात कळलं आहे. तिथल्या एका घराच्या अवशेषांत उत्तर आफ्रिकेतल्या माकडाची कवटीही मिळाली. कोणत्या राजाला ती भेट आली असेल, या विचारात मी कितीतरी वेळ रमतो.

ब्रिजिड दाग्दाची मुलगी. 900 च्या सुमाराच्या एका आयरिश शब्दकोशात तिला कवींची देवी म्हटलं आहे, आणि तिच्या दोन बहिणींची नावंही ब्रिजिडच, एक वैद्यकाची, दुसरी लोहारकामाची. याच नावाची ख्रिस्ती संत किल्डेरची. तिचा सण 1 फेब्रुवारीला, इम्बोल्क या जुन्या ऋतुसणाच्या दिवशी. तिच्या मठात अखंड अग्नी तेवत असे. 19 जोगिणी पाळीपाळीने त्याची राखण करत आणि विसाव्या रात्री तो खुद्द ब्रिजिडवर सोडत, असं बाराव्या शतकातल्या जेराल्ड ऑफ वेल्सने लिहिलं आहे. संत खरी होऊन गेली आणि देवीचे गुण तिला चिकटले, की देवीच संत झाली, यावर वाद आहे. 2023 पासून आयर्लंडमध्ये तिच्या नावाने सार्वजनिक सुट्टी असते.

कू खुलिन: एकट्याने अडवलेलं सैन्य

सुरुवातीला ज्या कथेचा लेखनिक भेटला, ती ‘कूलीच्या गुरांची लूट’. कॉनाख्ट या पश्चिमेकडच्या प्रांताची राणी मेव आणि तिचा नवरा आलिल अंथरुणात पडून कोणाची संपत्ती जास्त याचा हिशोब करतात. सगळं सारखं भरतं, फक्त त्याच्याकडे एक पांढऱ्या शिंगांचा बैल जास्त. तो मुळात मेवच्याच कळपातला, पण बाईच्या मालकीचं राहणं नको म्हणून तिकडे गेलेला. बरोबरीचा बैल एकच, अल्स्टरमधल्या कूलीचा. तो मिळवायला मेव सैन्य काढते. अल्स्टरचे पुरुष माखाच्या शापाने आडवे पडलेले. उरतो 17 वर्षांचा कू खुलिन.

त्याचं मूळ नाव शेतांता, आई राजाची बहीण, बाप लुग. कुलन लोहाराचा राखणदार कुत्रा अंगावर आला म्हणून लहानपणी त्याने तो मारला, आणि दुसरा वाढेपर्यंत मीच राखण करीन म्हणाला. त्यावरून कू खुलिन, कुलनचा कुत्रा. त्याच्यावर ‘गेश’ होते. गेश म्हणजे एखाद्या माणसावर जन्मभर असणारं बंधन. मोडलं की नाश. कुत्र्याचं मांस खायचं नाही हा त्याचा एक गेश, चुलीवरून दिलेलं अन्न नाकारायचं नाही हा दुसरा.

तो नदीच्या उतारावर, म्हणजे पायी ओलांडता येईल अशा उथळ जागी, उभा राहून रोज एकेकाशी द्वंद्व करतो. संतापला की त्याचं शरीर ओळखू येत नाही: एक डोळा आत ओढला जातो, दुसरा गालावर लोंबतो. मॉरिगन मदत देऊ करते, तो झिडकारतो, आणि ती ईल मासा, लांडगी व गाय होऊन त्याच्यावर येते. तिन्ही रूपांत तो तिला जखमी करतो. नंतर एक म्हातारी तीन आचळांची गाय पिळताना भेटते. तहानलेला कू खुलिन तीनदा दूध मागतो, तीनदा आशीर्वाद देतो, आणि दर आशीर्वादागणिक तिची एक जखम भरते. म्हातारी कोण हे त्याला उशिरा कळतं.

मग फेरदिआ येतो. दोघे स्काहाख या योद्धा स्त्रीकडे एकत्र शिकलेले. मेवने त्याला दारू, धन, मुलगी आणि बदनामीची भीती दाखवून उभं केलेलं. सुरुवातीच्या रात्री लढाई थांबली की एक औषधी पाठवतो, दुसरा जेवण. घोडे एकाच कुंपणात बांधलेले. तिसऱ्या रात्री मात्र कोणी कोणाकडे काही पाठवत नाही. चौथ्या दिवशी कू खुलिन ‘गे बुल्गा’ वापरतो. फक्त त्यालाच शिकवलेलं हे शस्त्र पायाने सोडायचं असतं, आणि शरीरात शिरलं की त्याचे काटे फुटतात. मग तो मित्राला उचलून आपल्या तीरावर आणतो आणि शोक करतो. लाउथ परगण्यातल्या आर्डी गावाचं नाव ‘फेरदिआचा उतार’ असंच आहे. आणि ज्यासाठी हे सगळं झालं ते दोन बैल? ते एकमेकांशी झुंजून मरतात.

त्याचा मृत्यू वेगळ्या कथेत येतो. तीन म्हाताऱ्या वाटेवर कुत्र्याचं मांस भाजत बसलेल्या असतात आणि त्याला जेवायला बोलावतात. खाल्लं तर एक गेश मोडतो, नाकारलं तर दुसरा. जखमी कू खुलिन स्वतःला उभ्या दगडाला बांधून घेतो. खांद्यावर पक्षी येऊन बसेपर्यंत तो मेला हे बघायला जवळ जायची शत्रूची छाती होत नाही. डब्लिनच्या मुख्य टपाल कचेरीत, जिथून 1916 चा ब्रिटिशांविरुद्धचा उठाव लढला गेला, तिथे याच क्षणाचा ब्राँझचा पुतळा आहे.

योद्ध्यांच्या टोळीचा नायक फिऑन मॅकूल याच्या कथा लोकांच्या तोंडी जास्त राहिल्या: ज्ञानाचा मासा भाजताना अंगठा पोळला, तोंडात घातला आणि सगळं ज्ञान त्याला मिळालं. त्याच्या टोळीतला म्हातारा कील्ते आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म पसरवणाऱ्या संत पॅट्रिकला भेटतो आणि एकेका टेकडीची गोष्ट सांगत फिरतो, असा 1200 च्या सुमाराचा मोठा ग्रंथ आहे. पॅट्रिकला धास्ती वाटते की अशा गोष्टी ऐकून भक्तीत खंड तर पडत नाही ना. त्याचे रक्षक देवदूत येऊन सांगतात, ऐक, आणि लिहूनही घे. मठातल्या माणसांनी आपल्या मनातल्या पेचाचं उत्तर देवदूतांच्या तोंडी घातलं, असं मला दर वेळी वाटतं.

वेल्स, आणि आजची भेसळ

वेल्सच्या ‘माबिनोगी’च्या चार शाखा चौदाव्या शतकातल्या हस्तलिखितांत पूर्ण सापडतात. इथे कोणालाच देव म्हटलेलं नाही, सगळे राजे आणि राण्या. ऱ्हिआनन संथ चालीच्या घोड्यावरून जाते, तरी पुइल राजाचे वेगवान स्वार तिला गाठू शकत नाहीत. शेवटी तो हाक मारून थांब म्हणतो. ती म्हणते, हे आधीच विचारलं असतंस तर घोड्याचं भलं झालं असतं. पुढे तिचं बाळ नाहीसं होतं, दासी तिच्यावरच बाळ मारल्याचा आळ घेतात, आणि वाटसरूंना पाठीवरून राजवाड्यात नेण्याची शिक्षा तिला होते. हरवलेलं बाळ एका तबेल्यात, शिंगरू जन्मलेल्या रात्री सापडतं. घोडा, घोडा आणि पुन्हा घोडा: म्हणून एपोनाची ती वंशज असावी, असं बरेचजण मानतात. ब्रान नावाचा राक्षसी आकाराचा राजा नदीवर आडवा पडून आपल्या सैन्याचा पूल होतो. ‘जो प्रमुख असेल त्याने पूल व्हावं’ ही वेल्श म्हण तिथलीच. फुलांपासून बनवलेली ब्लोदाइवेद नवऱ्याचा, म्हणजे लेउचा, घात करते आणि घुबड होते.

आयरिश आणि मराठी या एकाच मोठ्या भाषाकुळाच्या दूरच्या शाखा आहेत. म्हणून राजाच्या सत्यावर पाऊस अवलंबून असणं किंवा जेराल्डने लिहिलेला अल्स्टरमधला घोडीच्या बळीचा राज्याभिषेक वाचताना आपल्याला अश्वमेध आठवतो. अभ्यासकांनाही आठवला आहे. पण जेराल्ड आयरिशांचा वैरी होता, त्याची साक्ष जपून घ्यावी लागते, आणि एवढ्यावरून ‘केल्ट आपल्याकडूनच गेले’ असं म्हणणाऱ्यांच्या मागे जाऊ नये.

इंटरनेटवर वाचताना आणखी एक काळजी घ्यावी. तेरा झाडांची ‘केल्टिक रास’ विसाव्या शतकातली निर्मिती आहे. ड्रुइडांचा वेल्श समारंभ इओलो मॉर्गनुग या कवीने 1792 मध्ये लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर सुरू केला, आणि त्याने पुरावे म्हणून दाखवलेली बरीच जुनी काव्यं त्याने स्वतःच रचलेली होती. त्याउलट 1 नोव्हेंबरचा साउइन, 1 मेचा बेल्टेन आणि 1 ऑगस्टचा लूनसा हे सण जुन्या ग्रंथांतले आहेत, आणि आयरिशमध्ये नोव्हेंबर, मे आणि ऑगस्ट महिन्यांना आजही तीच नावं आहेत. एखादी माहिती दिसली की ती कोणत्या हस्तलिखितात, कोणत्या शतकात आली एवढं शोधून पाहावं.

ज्यांना मुळातून वाचायचं आहे त्यांनी माबिनोगीच्या पहिल्या शाखेपासून, म्हणजे ऱ्हिआननपासून सुरुवात करावी. ती एका बैठकीत वाचून होते. मग मॉय तुराची लढाई. गुरांच्या लुटीची कथा शेवटी ठेवावी, कारण तिच्यात दर पानावर एखाद्या ओढ्याचं, टेकडीचं किंवा उताराचं नाव येतं आणि ते नाव का पडलं हेही येतं. नवखा वाचक ही पानं उलटून पुढे जातो. ती उलटू नयेत, आयर्लंडचा नकाशा शेजारी उघडून वाचावीत. त्यांतली कित्येक ठिकाणं अजून सापडतात.